निळ्या फितीचं मेडोलार्क

व्हर्लिन उनरूला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या रॉकेट-क्लबच्या मैदानावर दर शरद ऋतूत अदलाबदलीचा दिवस असतो, आणि त्या दिवशी आमची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी लागायची. त्याच्या डब्यातले झ्वीबाकचे पाव मी खाल्ले, माझ्या थर्मासमधली कॉफी तो प्यायला. पण त्याच्या घरात ओसरीच्या पुढे मी कधी गेलो नाही. त्याची बायको आर्डिस वारली तेव्हा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, हात मिळवला आणि निघून आलो. त्याला आतून काय खातंय हे मला कळलं ते अगदी शेवटी शेवटी, आणि तेही त्याने सांगितलं म्हणून. मला स्वतःहून कळलं असतं असं वाटत नाही.

तो कॅन्ससमध्ये, आमच्याच गावात, सहकारी धान्यकोठारावर कामाला होता. उंच, खांद्यात वाकलेला, बोलायला कमी. आर्डिस होती तोवर तीच दोघांचं बोलायची. मूलबाळ नव्हतं. आणि होती ती रॉकेटं.

ही रॉकेटं म्हणजे आमच्या पोरवयातली खेळणी. सगळा देश चंद्राकडे मान वर करून बसला होता तेव्हा दुकानादुकानांत टांगलेली असायची. प्लास्टिकच्या पिशवीत एक पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचं टोक, पंखांसाठी पातळ फळी आणि रॉकेट हळू खाली यावं म्हणून क्रेप कागदाची एक लांब फीत. पिशवीचं तोंड दुमडून त्यावर रंगीत पुठ्ठा टाचलेला. घरी न्यायचं, डिंकाने चिकटवायचं, शेतात उडवायचं आणि दुसऱ्या की तिसऱ्या फेरीत कुणाच्या तरी मक्यात हरवायचं. बहुतेकांचं असंच झालं. पण काही पिशव्या न उघडता राहिल्या, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बंद पडलेल्या दुकानात. त्या गोळा करणारे आम्ही लोक. आमच्यात एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला कुणी पाहिला नाही. बंद पिशवी उघडायची नाही.

त्यामुळे जे काय ओळखायचं ते बाहेरून. एकच रॉकेट कंपनीने दहा-बारा वर्षं काढलेलं असतं आणि दर खेपेला काही ना काही बदललेलं असतं. टोक आधी लाकडाचं, मग प्लास्टिकचं. पुठ्ठ्यावरच्या पत्त्यात टपालाचा झिप कोड नसेल तर ते त्रेसष्टच्या आधीचं. व्हर्लिनला हे सगळं बोटांच्या टोकांवर असायचं. तो पिशवी उजेडाकडे धरायचा, एकदा उलटी करायचा आणि खाली ठेवायचा.

क्लबचा माइक सांभाळणारा ड्वेन स्टकी एकदा एक पिशवी मिरवत आला होता.

"बघ, व्हर्लिन. पहिल्या खेपेचं. डोळे निवतील तुझे."

"नाही."

"अरे, नीट बघितलंस तरी का?"

"नळी आतून पांढरी आहे. पहिल्या खेपेची तपकिरी असते."

"माझ्या काकाने स्वतः घेतलंय ते! काका काय खोटं बोलला?"

"काका खोटं नसेल बोलला," व्हर्लिन म्हणाला. "पण पिशवी बोलते ना. काकाला कशाला मध्ये आणतोस?"

'पिशवी बोलते' हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. आम्ही त्यावरून त्याची टिंगल करायचो, पण पिशवी घेऊन आधी त्याच्याकडेच जायचो. व्हर्लिनने मान हलवली की विषय संपला.

मग ते निळ्याचं प्रकरण झालं. मेडोलार्क नावाचं एक साधं, स्वस्त रॉकेट होतं. मेडोलार्क हा आमच्या राज्याचा पक्षी, म्हणून इकडे ते जास्त खपलं. त्याची फीत कायम लाल. व्हर्लिनला कुठून कुठून अशा पिशव्या मिळत गेल्या की ज्यांत फीत निळी होती आणि लाकडाला किंचित गुलाबी झाक होती. त्याने क्लबच्या पत्रिकेत अर्धं पान लिहिलं. आयुष्यात त्याने छापायला दिलेलं तेवढंच. ही सर्वात पहिली, छोटी खेप असावी, लाकूड दुसऱ्या ठिकाणहून आलेलं, लाल कागद यायच्या आधीची. लोकांनी ते मानलं. पुढे त्याला नावच पडलं, 'उनरूचा निळा'. ओक्लाहोमातून, नेब्रास्कातून माणसं गाड्या काढून यायची आणि विचारायची, उनरू कोण? व्हर्लिन उठून उभा राहायचा आणि त्याचे कान लाल व्हायचे. आर्डिस म्हणायची, "बसा हो, राष्ट्राध्यक्ष नाही आले."

नेब्रास्काच्या ऑरिन लोवेनने तर निळ्या मेडोलार्कसाठी आपल्या धाकट्या भावाचं रॉकेट दिलं. भावाचं नाव लायल. तळ्यावरचा बर्फ फुटून तो पोरवयातच गेला होता आणि त्याने घेतलेलं सेंटिनल नावाचं मोठं रॉकेट तसंच पिशवीत राहून गेलं होतं. असं सेंटिनल पुन्हा कुणाच्या नजरेस पडलं नाही. अदलाबदल माझ्या डोळ्यांसमोर झाली. ऑरिनने पिशवी दिली, पण त्याचा हात जरा वेळ तिच्यावरच राहिला. मला वाटलं, सवय असेल.

आर्डिस गेल्यानंतरचा अदलाबदलीचा दिवस होता. चर्चच्या बायकांनी कुंपणाशी फळं भरून भाजलेल्या गोड 'पाय'चं दुकान मांडलं होतं. त्यांतल्या लव्हर्डा केन, काठी टेकत, टेबलं बघत बघत आमच्याकडे आल्या. आमच्या गावात पूर्वी एक पाच-दहा सेंटवाल्या वस्तूंचं दुकान होतं, तिथे कापडाच्या आणि खेळण्यांच्या गल्ल्यावर त्या तरुणपणी उभ्या असायच्या. आम्हाला सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी हातावर चापट मारलेली.

त्यांनी व्हर्लिनच्या टेबलावरचं निळं मेडोलार्क सरळ उचललं. भोवतीची माणसं पुढे सरसावली.

"लव्हर्डाबाई, ठेवा ते, ठेवा," ड्वेन म्हणाला. "ते उघडायचं नसतं."

"उघडायचं नसतं? अरे, मीच तर उघडून बंद केलंय!"

"काय म्हणता?"

"मागच्या खोलीचं छप्पर गळलं होतं. या मेल्या लाल फिती भिजल्या आणि रंग सुटला. सगळ्या लाकडांवर गुलाबी डाग. मालक म्हणाला, फेकून दे. म्हटलं, फेकायचं कशाला? शाळेच्या मिरवणुकीच्या रथाला लावलेला निळा कागद उरला होता माझ्याकडे. कापला, घातला, पुठ्ठे परत टाचले. सगळी खपली की!"

मग ड्वेन जरा चाचरत म्हणाला, "तुम्हाला नक्की आठवतंय? इतकी वर्षं झाली."

"न आठवायला काय झालं? कापडाची झिगझॅग कात्री वापरली होती मी. साधी कात्री दुकानातल्या त्या बर्निसने कधी जागेवर ठेवली असेल तर शपथ. बघा ना, कडेला दाते असतील."

ड्वेनने पिशवी उन्हात धरली. तीन-चार डोकी एकमेकांना आपटली.

"आहेत! दाते आहेत!" ड्वेन ओरडला आणि मग त्याला हसू आवरेना. "अरे देवा! इतकी वर्षं आपण लव्हर्डाबाईंची शिवणकाम-कात्री जपतोय! उनरूचा निळा कसला, केनबाईंचा निळा!"

सगळे हसले. ते हसणं वाईट नव्हतं, आपण सगळेच फसलो असं ते हसणं होतं. व्हर्लिनही हसला असता तर तिथेच संपलं असतं. तो हसला नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, पण तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. दाते बघायला सगळे वाकले, तो वाकला नाही.

लव्हर्डाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "माझं काही चुकलं का रे, व्हर्लिन?"

"नाही, लव्हर्डाबाई," तो म्हणाला. "तुम्ही फार नीट टाचलं होतं."

दुपारच्या आतच त्याने आपली खोकी भरली. मला वाटलं, चूक निघाली म्हणून खजील झाला. चूक कुणाची होत नाही? दोन दिवसांत विसरेल.

बरेच दिवस तो दिसला नाही. हिवाळा सरत आला तेव्हा त्याचा फोन आला. तो मला कधी फोन करायचा नाही, त्यामुळे आधी आवाज ओळखला नाही.

"हार्लन, तुझी गाडी नेब्रास्कापर्यंत जाईल?"

"जाईल की. तुझ्या गाडीला काय झालं?"

"गाडीला काही नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, लांबचं चालवू देत नाहीत."

"कुणाकडे जायचंय?"

"ऑरिनकडे."

लायलचं सेंटिनल त्याने मांडीवर घेतलं होतं, आर्डिसच्या शालीत गुंडाळून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू नुकता हिरवा व्हायला लागला होता. राज्याची हद्द ओलांडल्यावर तो म्हणाला, "ते दाते मला माहीत होते."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. एका पिशवीच्या पिना गंजून तुटल्या होत्या. पुठ्ठा आपोआप हातात आला. मी फीत बाहेर काढली. कंपनीची फीत सरळ कापलेली असते, तुलाही माहीत आहे. हिला दाते. मी बसून राहिलो. आर्डिसने जेवायला हाक मारली, तिला म्हटलं, येतो. मग ती फीत मी पुन्हा दुमडली. दाते आतल्या बाजूला जातील अशी. आणि पुठ्ठा टाचला."

"आणि लिहिताना?"

"लिहिताना तेवढंच सोडलं. बाकी सगळं लिहिलं."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून म्हटलं, "अरे, खेळणी आहेत ती शेवटी."

"हार्लन," तो म्हणाला, "दुसऱ्यांच्या पिशव्या घेऊन मी काय म्हणायचो?"

उत्तर त्याला नकोच होतं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "कशालाच माझं नाव नव्हतं रे. मूल नाही, जमीन नाही. कोठारावर तर पगाराच्या पाकिटावरसुद्धा स्पेलिंग चुकवायचे. त्या फितीला नाव लागलं. लोक विचारत यायचे. आर्डिसला किती आवडायचं ते, ती बोलून दाखवायची नाही, पण..." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "आणि ती गंजलेल्या पिनांची पिशवी होती ना, तीच मी ऑरिनला दिली. म्हटलं, लांब गेलेली बरी."

गाडी चालवताना माणसाला समोर बघावं लागतं हे मला त्या दिवशी फार सोयीचं वाटलं.

ऑरिन दारातच उभा होता. आता पार वाळलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. "या, या. उनरूसाहेब स्वतः!" त्याने स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ठेवली, चेरीचा 'पाय' कापला. निळं मेडोलार्क भिंतीवर, काचेच्या पेटीत होतं.

"ऐकलं मी ते लव्हर्डाबाईंचं," ऑरिन म्हणाला. "ड्वेनचा फोन आला होता. हसून हसून मला ठसका लागला, नळी निघाली. सोड रे, मला आवडतं ते निळं."

"उघड ते," व्हर्लिन म्हणाला.

"काय?"

"पेटीतून काढ आणि उघड. ऐक माझं."

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या 'पाय'कडे पाहिलं. त्याने पेटी उतरवली, पिना काढल्या आणि व्हर्लिनने ती फीत टेबलावर पसरली. घडीच्या आतली बाजू अजून गडद निळी होती. कडेला दाते अगदी ठसठशीत. मग गाडीत जे सांगितलं ते त्याने पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. आर्डिसचा भाग तेवढा वगळला.

ऑरिन बराच वेळ फितीच्या दात्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"म्हणजे दिलंस तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं."

"लायलचं आहे ते, हेही मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

व्हर्लिनने शाल सोडली आणि सेंटिनल त्याच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, आता ऑरिन म्हणेल, असू दे, ठेव तुझ्याकडेच. माणसं असं म्हणतात. ऑरिनने ते चटकन ओढून घेतलं, अगदी हिसकावल्यासारखं. आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"आई होती तोवर दर नाताळला विचारायची," तो म्हणाला. "लायलचं रॉकेट कुठे आहे? मी सांगायचो, आहे माळ्यावर. म्हणायची, एकदा दाखव. मी म्हणायचो, शिडी मोडली आहे."

व्हर्लिनचा चेहरा मी पाहिला आणि पाहायला नको होता असं झालं. त्याला माफी मागायची होती, पण जिची मागायची ती ऑरिनची आई तर आता नव्हती, हे मला दिसलं. तो उभा राहिला, पुन्हा बसला.

"'पाय' खा," ऑरिन म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "गार होतोय."

व्हर्लिनने काटा उचलला आणि खाली ठेवला. मी दोघांच्या वाटणीचं खाल्लं, कारण कुणीतरी खायला हवं होतं. निघताना ऑरिनने निळं मेडोलार्क, फीत, टोक, पंख, सगळं एका कागदी पिशवीत भरून व्हर्लिनच्या हातात दिलं. दारापर्यंत तो आला नाही.

येताना मला वाटलं, आता तरी याच्या मनावरचं उतरलं असेल. उतरलं नव्हतं.

पुढच्या अदलाबदलीच्या दिवशी व्हर्लिन लवकर आला. आमच्याकडे पहिलं रॉकेट उडायच्या आधी ड्वेन माइकवरून सुरक्षेचे नियम वाचतो आणि सगळे टोप्या सावरत उभे राहून ऐकतात. त्याआधी कुणाला काही सांगायचं असेल तर सांगतात, हरवलेल्या चाव्या, कुणाचं लग्न, असलं काहीबाही. व्हर्लिन पुढे गेला आणि त्याने माइक मागितला. ड्वेनला वाटलं, गंमत करतोय. "सावकाश हां, चावतो तो!"

माइक किंचाळला. व्हर्लिनने तो लांब धरला, त्यामुळे अर्धे शब्द वाऱ्यावर गेले. पण मी पुढेच होतो, तो म्हणाला ते असं: निळी फीत लव्हर्डाबाईंची आहे हे तुम्हाला माहीत आहे. कात्रीचे दाते मी आधीच पाहिले होते आणि लपवले, हे तुम्हाला माहीत नाही. ती पिशवी मी दुसऱ्याच्या गळ्यात मारली. माझ्या सांगण्यावरून कुणी काही घेतलं-दिलं असेल तर ते पुन्हा दुसऱ्याकडून तपासून घ्या. एवढंच. "थँक यू," असंही शेवटी म्हणाला, सवयीने.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी शिवीही दिली नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. ड्वेनने घसा साफ केला. "बरं. तर... नियम पहिला."

त्या दिवशी त्याच्या टेबलाशी लोक थांबले नाहीत. राग म्हणून नाही, काय बोलायचं ते कुणाला सुचेना म्हणून. शेवटी ड्वेनच आला, एक पिशवी घेऊन, मुद्दाम आला असणार. "बघ रे. कुठल्या खेपेचं?"

व्हर्लिनने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, त्याला कळलं होतं, मला दिसलं. मग त्याने ती परत दिली.

"मला नाही सांगता येणार, ड्वेन. दुसऱ्या कुणाला दाखव."

सकाळच्या त्या माइकपेक्षा मला हे ऐकणं जड गेलं.

दुपारी लव्हर्डाबाई 'पाय'चा एक तुकडा घेऊन आल्या आणि त्याच्यासमोर ठेवला. "लोकांसमोर कशाला बोलायचं रे असलं?"

"लिहिलं लोकांसमोरच होतं ना," तो म्हणाला.

"आर्डिसला नसतं आवडलं."

"नसतं," तो म्हणाला. आणि त्याने तो तुकडा खाल्ला, सगळा, खाली मान घालून.

जानेवारीत तो गेला. घराबाहेरचा बर्फ काढताना बसला तो उठलाच नाही. त्याच्या संग्रहाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, भाचा येऊन घेऊन गेला म्हणतात. मी विचारलं नाही. ऑरिनला मी कळवलं, तो फोनवर "बरं" म्हणाला आणि मग म्हणाला, "कळवलंस ते बरं केलंस."

तो माइकवर बोलला त्या अदलाबदलीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही टेबलं आवरत होतो. मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. माझ्या टेबलाचा पाय नेहमीसारखा अडकला, व्हर्लिनने गुडघ्याने दाबून तो मिटवला. मग माझ्या गाडीच्या टपावर राहिलेला थर्मास त्याने उचलून माझ्यापुढे धरला.

"हा राहतोय तुझा."

"माझा? तुझा असेल. सारखेच आहेत दोन्ही."

"माझ्या झाकणाला चीर आहे. हा तुझा."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला. "घे, आणि दिवे लाव गाडीचे. अंधार पडतोय."